घंगाळावरची जाळी

अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर लोक हवापाण्यावरून करतात. "काय उकडतंय" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि बोलणं पुढे सरकतं. माझी पंचाईत अशी की मला नेमकं तेच बोलायला बंदी होती. लढाई चालू होती, हवामानाचे आकडे शत्रूच्या हाती लागू नयेत असा वरून हुकूम होता आणि माझी नोकरी तेच आकडे गोळा करायची होती. शत्रू कृष्णाकाठच्या उसाच्या फडात कशाला येईल, असं मी साहेबांना विचारून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हापासून मी हवेबद्दल कोणाशी चकार शब्द काढला नाही, आणि दुसऱ्या कशाबद्दल बोलायला माझ्याकडे कोणी येत नव्हतं.

मी साताऱ्याचा. कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं, त्याच्या जोरावर पुण्याला खटपट केली आणि सांगलीच्या अलीकडे, नदीकाठी असलेल्या एका सरकारी शेतावर निरीक्षक म्हणून नेमणूक मिळवली. निरीक्षक हा शब्द आमच्या घरी फार आवडला. आईला वाटलं, मुलाच्या हाताखाली दहा माणसं असतील. माझ्या हाताखाली थर्मामीटर होते आणि एक पत्र्याची पसरट टाकी होती.

काम सांगायला सोपं आहे. दिवसा ऊन पडतं, जमीन तापते. त्यातली थोडी ऊब खाली मुरते, थोडी वर हवेत जाते. मातीतलं आणि पिकातलं पाणीही वाफ होऊन हवेत जातं. रात्री जमीन निवते, थंडीत दव पडून त्यातलं थोडं पाणी परतही येतं. जमीन आणि हवा यांची ही अखंड देवघेव चाललेली असते. ती किती होते ते मोजायचं, म्हणजे उसाला पाणी किती द्यायचं हे अंदाजावर सोडावं लागत नाही. मला हे सगळं मनापासून पटलं होतं. आजही पटतं.

मोजायची तऱ्हा मात्र बघणाऱ्याला वेडगळ वाटावी अशी होती. जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर थर्मामीटर पुरलेले होते. सगळ्यात खालच्याचा पारा क्वचित हलायचा. सांगलीचे व्यापारी जमिनीत पेवं खणून त्यात हळद का साठवतात, ते त्या थर्मामीटरकडे बघून कळावं. सगळ्यात वरचा जमिनीला चिकटून होता, आणि तो वाचायला मला भर दुपारी पोटावर पालथं पडावं लागे. उन्हाळ्यात जमिनीलगतची हवा थरथरताना दिसते, त्या थरथरीत नाक खुपसून मी आकडा टिपत असे. उसात खुरपणी करणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सरकारनं मातीचा वास घ्यायला पगारी माणूस ठेवलाय, असं त्यांच्यातली एक म्हणाल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मला राग आला, पण तिच्याशी भांडण काढायची सोय नव्हती. भांडणात ती विचारणार की मग करतोस तरी काय, आणि ते सांगायची बंदी.

शेजारी पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी उभी होती. तिच्यात दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. ओल्या कापडातलं पाणी उडतं तसा तो पारा खाली उतरतो. दोघांतलं अंतर जितकं जास्त, तितकी हवा तहानलेली. आणि मग ती टाकी, उघड्यावर ठेवलेली, पाण्याने भरलेली. तिच्यात मधोमध एक टोकदार काटा होता. सकाळी आणि दुपारी काट्याच्या टोकाला पाणी टेकेपर्यंत मापाने पाणी घालायचं. जितकं घालावं लागलं तितकं हवेने नेलं, असा हिशेब.

बेचाळीस साल उलटून गेलं होतं, तरी आमच्या भागातलं वातावरण निवळलं नव्हतं. सरकारी माणसाशी दोन शब्द बोलणाऱ्याकडे गावात वेगळ्या नजरेने पाहत. गावाला मी पोलिसांचा माणूस वाटायचो. पोलिसांना मी भूमिगतांना काहीतरी खुणा देणारा वाटायचो; पांढरी पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, काय काय म्हणून त्यांना समजावणार. शेताचे सुपरिंटेंडेंट सांगलीत राहायचे आणि आठवड्यातून एकदा उगवायचे. गडी-बायका दिवस कलला की गावाकडे चालू लागत. मग मी, गुऱ्हाळाच्या शेडलगतची माझी खोली आणि स्टोव्हवरचं पिठलं. रॉकेल रेशनवर, म्हणून ते पिठलंही घाईघाईत.

संध्याकाळ मला सोसत नसे. मी नदीवर जायचो, नावेतून उतरणारी माणसं बघायला. कोणी ओळखीचं उतरणार नाही हे माहीत असायचं, पण माणसं उतरताना एकमेकांना हात देतात, पोरांना उचलून घेतात, गाठोडी धरतात, ते बघत मी काठावर उभा राहायचो. शेवटची नाव रिकामी झाली की परत फिरायचं. सांगलीच्या बाजारात गेलो की हळदीच्या सौद्यात रेंगाळायचो. तिथे अडत्या आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडाने अवाक्षर नाही. मला त्या भावाशी काय करायचं होतं! पण त्यांनी एकमेकांची बोटं धरलेली असायची, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. मला वाटलं ते असं होतं, त्याला आता लपवण्यासारखं काय आहे.

शिमगा झाला, ऊन तापू लागलं आणि पुण्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले.

"रात्री तुमच्याकडे पाणी उडतच नाही?"

"उडतं की, साहेब. कमी उडतं."

"हवा कोरडी आहे, वारा आहे, तुमचेच थर्मामीटर सांगतायत. आणि टाकीतलं पाणी जागच्या जागी? खोलीत बसून आकडे लिहिता का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तापाने फणफणलेला असताना मी त्या वावरात पालथा पडलो होतो, आणि हा माणूस मला हे विचारत होता. मी जे बोललो ते नोकरी टिकवू इच्छिणाऱ्याने बोलावं असं नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, "पुढच्या फेरीपर्यंत कारण शोधा. नाहीतर दुसरा माणूस पाठवतो."

दुसरा माणूस आला तर मी साताऱ्याला परत जाणार, आणि आकडे मनाने रचतो म्हणून हाकललेला असा जाणार. त्या संध्याकाळी मी नदीवर गेलो नाही. उसाच्या कडेला बसून टाकीवर डोळे लावले.

दिवस मावळताना शेजारच्या मळ्याच्या बांधावरून एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, अनवाणी, काखेत कापडाची घडी. कुंपणाचं फाटक तिने सवयीनं उघडलं, टाकीपाशी आली, घडी मोडली. जुनं लुगडं होतं ते. टाकीवर ताणून पसरलं आणि कडेनं सुंभ आवळून बांधायला लागली, अगदी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तशी. मी धावत सुटलो.

"काय करताय?"

ती दचकली नाही. "दिसतंय की. झाकतोय."

त्या बाजूला बायकाही स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. आधी मला हसू यायचं. त्या वेळी मात्र हसायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

"कोणाला विचारून झाकताय?"

"झाकाय कुणाला इचारायचं? सांज झाली की जीव भिरभिरत्यात आन् पडत्यात तुमच्या ह्या घंगाळात. सकाळी मरून पडल्यालं असायचं. तुमाला दिसत न्हवतं व्हय?"

दिसत होतं. सुरुवातीला रोज सकाळी पाण्यावर पाकोळ्या, चिलटं, भुंगेरे तरंगत असायचे आणि मी ते काढून फेकत असे. अलीकडे टाकी स्वच्छ असायची. त्याचं श्रेय मी वाऱ्याला देऊन मोकळा झालो होतो.

"ही टाकी सरकारी आहे," मी म्हणालो.

"घंगाळ सरकारी आसंल. जीव काय सरकारी असत्यात व्हय?"

ती जैन होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत, आणि गाळून झालं की फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडतात. अशा घरातल्या बाईच्या बांधाला लागून मी उघडं पाणी ठेवलं होतं, आणि त्यात रोज सकाळी मेलेले किडे. तिने झाकलं नसतं तरच नवल. पहाटे पाण्याला जाताना ती लुगडं सोडून न्यायची, म्हणून मला कधी दिसलं नाही.

"आक्का," मी म्हणालो, कारण तिला गडी-माणसं आक्का म्हणताना ऐकलं होतं, "तुमच्या या लुगड्यापायी माझी नोकरी चालली."

ती हातातला सुंभ सोडून मटकन खाली बसली. "म्हंजे? काय झालं?"

मग मी सांगितलं. बंदीबिंदी विसरून सगळं सांगितलं. ऊन, माती, वाफ, काटा, साहेब. तिने मध्येच थांबवलं.

"हवा पानी पिती?"

"पिते."

"आन् ते तुमी मोजताय?"

"हो."

"आन् मी झाकलं की ती उपाशी."

"उपाशी नाही, तहानलेली."

ती हसली आणि मीही हसलो. त्या शेतावर आल्यापासून मी दुसऱ्या माणसाबरोबर हसलो तो पहिल्यांदा, आणि खोलीवर परतताना माझे गाल दुखत होते.

तोड अशी निघाली की टाकी झाकायची नाही. त्याऐवजी रोज दिवस मावळताना आक्काने यायचं, आणि आम्ही दोघांनी पडलेले किडे काडीवर घेऊन काढायचे. काडी टाकीवरच झटकायची, पाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये, ही माझी अट. किडा पंख वाळेपर्यंत पानावर ठेवायचा, मातीत टाकायचा नाही, ही तिची. दोघंही आपापल्या अटीला चिकटून होतो आणि एकमेकांवर खेकसत होतो. हातातल्या वही-पेन्सिलीमुळे मी तिचा मास्तर झालो होतो. "मास्तर, पाय मोडला की त्येचा, हळू!" "आक्का, थेंब गेला!" दुरून कोणी बघितलं असतं तर भांडण चाललंय असंच वाटलं असतं.

आकडे सुधारले. पण खरं सांगायचं तर मी आकड्यांची वाट बघत नव्हतो, मी संध्याकाळची वाट बघत होतो. नदीवर जाणं बंद झालं. आक्काचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाचं सांगलीत हळदीचं दुकान होतं आणि तो तिला तिकडे बोलवायचा, पण तिला म्हैस सोडवत नव्हती आणि शहरातलं नळाचं पाणी तिला पटत नव्हतं. गाळल्यावर जीव परत सोडायचे कुठे, नळात? ती दिवस मावळायच्या आत जेवायची. एकदा मी विचारलं, जेवणानंतर झोपेपर्यंत करता काय. "काय करायचं? बसायचं," ती म्हणाली. "सांज लय लांब आसती, मास्तर." ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

निघताना तिचा प्रश्न ठरलेला. "मास्तर, आज किती प्याली?"

मी त्या दिवसाचा आकडा सांगायचो. सरकारी गुपित होतं ते. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तिने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. आकडा मोठा असो की लहान, ती डोळे मोठे करून म्हणायची, "लय की!" फक्त एकदा ढग आले होते, आकडा फारच लहान होता, तेव्हा म्हणाली, "आज तब्येत बरी न्हाई जनू तिची." दिवसभर पारे बघून मी जे जमवायचो त्याला विचारणारं असं एक माणूस होतं. पुण्याला माझे आकडे जायचे, पण पुण्याने कधी "लय की" म्हटलं नाही.

ओल्या थर्मामीटरची मलमल विरून गेली, आणि लढाईमुळे नवीन मिळेना. आक्काने आपल्या पाणी गाळायच्या फडक्याची एक पट्टी फाडून दिली. वर्षानुवर्षं धुऊन ते कापड इतकं मऊ झालं होतं की पाणी झरझर चढायचं. सरकारने पाठवलेल्या मलमलीपेक्षा ते चांगलं चाललं.

वळवाचे दिवस आले तसे किडे अनावर झाले. आम्ही अंधार पडेपर्यंत काढत राहायचो, तरी सकाळी पाण्यावर थर असायचा. आक्का पहाटे येऊन बघायची आणि खालमानेनं जायची. "रातीला कुनी तरी बसाय पायजे," असं एकदा म्हणाली, आणि या वयात ती खरंच येऊन बसेल अशी मला भीती वाटली.

साहेब पुढच्या फेरीला आले तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. ते रुमालाने डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "बाई चांगली आहे. पण बाहेरच्या माणसाने रोज टाकीत काड्या घालायच्या, हे चालणार नाही. सांडलेला थेंब तुमच्या हवेच्या नावावर लागतो."

"मग किडे मरतील, साहेब."

"बारीक जाळी घाला. पाणी थोडं कमी उडेल, पण रोज तेवढंच कमी उडेल, त्याचा हिशेब धरता येतो. आणि जाळी तारेनं आवळून टाका, कोणी उचलता कामा नये."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मोटारीपर्यंत पळत गेलो. आता पाकोळीही मरणार नव्हती, आक्काला पहाटे खाली मान घालावी लागणार नव्हती. लढाईत जाळी कुठली मिळायला! सांगलीत एका जुन्या बाजारातून दूधदुभत्याचं मोडकं कपाट घेतलं, त्याची जाळी काढली आणि पत्र्याचं काम करणाऱ्याकडून टाकीच्या मापाची चौकट करून घेतली. तिला आधी सांगितलं नाही. तिचा चेहरा मला बघायचा होता. दुपारी मी जाळी बसवली, तार आवळली, पकडीनं पीळ दिला.

आणि नेमकं त्याच दिवशी सुपरिंटेंडेंटांचं बोलावणं आलं. सांगलीला जावं लागलं, परत निघालो तर वादळ आलं, नाव बंद झाली, आणि रात्र मी नदीच्या पलीकडे धर्मशाळेत काढली.

दुसऱ्या संध्याकाळी मी टाकीपाशी उभा राहिलो. आक्का आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. जाळीवर दोन पाकोळ्या बसल्या, चालल्या आणि उडून गेल्या. मला उमगलं, म्हणजे तेव्हा तरी असं वाटलं की उमगलं. ती किड्यांसाठी येत होती. किडे वाचले, तिचं काम संपलं. माझ्यासाठी ती कधी आलीच नव्हती, मी उगाच आपला गोतावळ्यातला झालो होतो. मला तिचा राग आला. इतका राग आला की मी पकडीनं तो तारेचा पीळ आणखी दोनदा आवळला, काही कारण नसताना.

मग पावसाळा लागला. चातुर्मासात त्यांची माणसं फार हिंडत-फिरत नाहीत, म्हणून येत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. उन्हाळ्यात तहानलेली हवा आता गच्च भरली होती. कोरडा आणि ओला, दोन्ही पारे जवळजवळ एकाच जागी उभे असायचे. एकदा मुसळधार पावसात मी पेटीपाशी होतो, आणि पलीकडच्या बांधावर इरलं घेतलेली आक्का म्हशीमागे उभी दिसली. ती थांबली. मीही थांबलो. मध्ये पाण्याने भरलेली सरी होती, एका ढांगेत ओलांडता आली असती अशी. तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ती गेली. मी आकडा टिपायचा होता तो टिपला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नदीवर जाणं मी पुन्हा सुरू केलं, पण पुरात नाव बंद होती, त्यामुळे बघायला माणसंही नव्हती. दिवसच्या दिवस माझा आवाज माझ्याच कानांवर पडत नसे. कधीतरी थर्मामीटर वाचताना आकडा मोठ्याने म्हणायचो आणि दचकायचो.

दिवाळीनंतर बदलीचा हुकूम आला, दूरच्या एका शेतावर. तिथेही तीच पेटी, तशीच टाकी. सामान बैलगाडीत चढवलं, गाडीवानाला स्टेशनकडे पुढे पाठवलं आणि बांध ओलांडून पहिल्यांदाच आक्काच्या मळ्यात गेलो. न सांगता निघून जाणं मला शोभलं नसतं. खरं म्हणजे मला तिला बघायचं होतं.

ती विहिरीवर पाणी गाळत होती. घागरीच्या तोंडावर फडकं, त्याची एक कड फाडलेली. ती पट्टी अजून माझ्या पेटीत, थर्मामीटरला होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बदली झाली, आक्का. चाललो."

"आसं व्हय." ती ओतायची थांबली नाही. "जाळी लय चांगली केलीसा. येक बी जीव मरत न्हाई."

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. "तुम्ही मग आलाच नाहीत."

"आलतो की. त्याच सांजंला आलतो. तुमी न्हवता, आन् घंगाळावर जाळी. वर तार आवळलेली." तिने फडकं घागरीवरून उचललं. "म्हटलं, मास्तरला आता आपलं येनं नको झालंय. तोंडानं कसं सांगायचं, म्हनून तार बांधली."

"आक्का, ती जाळी तुमच्यासाठी केली होती."

ती हातात फडकं धरून उभी राहिली. मग कळशीत थोडं पाणी घेऊन त्यात ते फडकं हलकेच झटकलं आणि कळशी दोरीने विहिरीत सोडायला लागली. ती वरून ओतत नसे. उंचावरून पडले तर जीव मरतील, म्हणून पार पाण्यापर्यंत नेऊन तिथे तिरकी करायची. दोर तिच्या हातातून हळूहळू सरकत होता. खाली पाण्याला कळशी टेकल्याचा आवाज आला.

"सांगायचं न्हवं मग," ती विहिरीत बघत म्हणाली.

"तुम्ही विचारायचं होतं."

"मी कसं इचारू? तुमी सरकारी मानूस."

दोर वर आला. तिने तो गुंडाळून ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज सांजंला वाटायचं, आज किती प्याली आसंल. कुनी सांगितलंच न्हाई."

मला स्टेशन गाठायचं होतं. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो आणि आठवेल तसं सांगायला लागलो. जाळी बसवली त्या आठवड्याचं, वळवाच्या दुसऱ्या दिवशीचं. आषाढात हवा काहीच पीत नव्हती, ते सांगितलं. पाऊस उघडल्यावर, नवरात्राच्या उन्हात ती पुन्हा कशी प्यायला लागली, तेही सांगितलं. काही आकडे आठवले, काही नाही. आक्का समोर बसून ऐकत होती आणि प्रत्येक आकड्याला "लय की" म्हणत होती. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले होते. ऊन कलायला लागलं तशी ती उठली, दिवस मावळायच्या आत तिला जेवायचं होतं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एका कापडात बांधून माझ्या हातात दिली, आणि मी बांधाबांधाने स्टेशनची वाट धरली.

पुढे उभी नोकरी मी हेच मोजण्यात घालवली. लढाई संपली, बंदी उठली, मग हवेबद्दल कोणाशीही मोकळेपणाने बोलता यायला लागलं. माझे आकडे छापून आले, मोठ्या सभांमधून वाचले गेले, लोकांनी त्यांच्यावर नेमक्या शंकाही काढल्या. पण संध्याकाळी टाकीपाशी येऊन, आज किती प्याली, असं मला पुन्हा कोणी विचारलं नाही.